सेवेला घाई नसावी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जून सरता सरता उघडतात आणि कॉलेजांचे प्रवेश जुलैपर्यंत रेंगाळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत नेमकी हीच वेळ रोवणीची असते. हा झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं भात संशोधनाचं कामही इथे चालतं. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पटावर नाव चढलेली मुलगी पुष्कळदा वर्गात नसते, बांधीत पऱ्हे रोवत असते. तिच्या प्रवेशाचे पैसे बहुधा मे महिन्यातल्या तेंदूपत्त्यातून आलेले असतात. त्या मजुरीची किंमत या तालुक्याला ठाऊक आहे. मे २०२५ मध्ये तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या.

विद्यार्थ्यांमध्ये ख्रिस्ती सेवा करणाऱ्यांनी नव्या वर्षाचा विचार इथून सुरू करावा असं मला वाटतं. आपण बायबल अभ्यासाचा वार ठरवतो, गाणी बसवतो, कोणाला बोलवायचं याची यादी करतो. हे सगळं करावंच. पण त्याआधी फाटकातून आत येणाऱ्या मुलाकडे नीट पाहावं. तो घर सोडून पहिल्यांदाच खोली करून राहणार असतो किंवा वसतिगृहाच्या यादीत नाव लागायची वाट पाहत असतो. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, एसटीचा पास अशा कागदांच्या ढिगात तो बुडालेला असतो. कोणत्या खिडकीवर जायचं हे विचारायलाही त्याला संकोच वाटतो.

अशा वेळी त्याच्याजवळ जो पहिला पोहोचतो, त्याच्या हाती नकळत मोठी सत्ता येते. अर्ज भरून देणाऱ्याला नाही म्हणणं अठरा वर्षांच्या मुलाला जड जातं. आपण संध्याकाळी प्रार्थनेला बोलावलं तर तो येईल, पण तो ओढीने आला की उपकाराच्या ओझ्याने आला, हे आपल्यालाच काय, त्यालाही कळणार नाही. म्हणून मदत आणि निमंत्रण यांच्यात अंतर हवं. मदत करावी ती पूर्ण करावी, आणि तो मुलगा आपल्याकडे पुन्हा फिरकला नाही तरी ती वाया गेली असं मनातही आणू नये. विश्वासाबद्दल बोलायचं तेव्हा उघडपणे बोलावं, आपण कोण आहोत हे सांगून बोलावं. लपवून केलेली साक्ष ही साक्षच नव्हे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती शिक्षणाचा जुना नमुना वेगळा होता. मुंबईचं विल्सन कॉलेज १८३२ च्या शाळेतून वाढलं, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. तिथे यजमान मिशन होतं आणि विद्यार्थी पाहुणे. सिंदेवाहीत चित्र उलटं आहे. इथलं कॉलेज इतरांनी उभारलेलं, गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेलं आहे, आणि आपण त्या अंगणातले पाहुणे आहोत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शेकडा एकालाही पुरे भरले नाहीत. मला हे कमीपणाचं वाटत नाही. पाहुण्याला घराचे नियम पाळावे लागतात आणि त्यातून त्याला शिस्त लागते.

त्यातला एक नियम राज्यघटनेचाच आहे. कलम २५ विवेकाचं आणि धर्मप्रसाराचं स्वातंत्र्य देतं. त्याच्या जोडीला कलम २८ सांगतं की, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. आपल्याकडे अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग पुष्कळदा एकाच आवारात भरतात. सोळा वर्षांची मुलं आणि वीस वर्षांची मुलं एकाच झाडाखाली उभी असतात. सेवा करणाऱ्याला त्यांच्यातला फरक दिसला पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाला सभेला बोलवायचं असेल तर आधी त्याच्या आईबापांना भेटावं.

आणि हा जिल्हा चंद्रपूर आहे. विश्वास बदलणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना बाहेरून कोणी येऊन शिकवण्याची गरज नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. हिंदू धर्म सोडण्याची त्यांची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मधली २१ वर्षं त्यांनी अभ्यासाला आणि विचाराला दिली. निरनिराळ्या धर्मांची आमंत्रणं समोर असताना ते कोणाच्याही घाईने चालले नाहीत. ज्या मुलाच्या आजोबांनी तो दिवस पाहिला आहे, त्याच्याशी बोलताना त्या २१ वर्षांचा मान राखावा. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला जर एवढा वेळ लागला, तर आपण एका सत्रात कोणाकडून काय मागतो आहोत?

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने सौजन्याने गप्पा केल्या आणि नव्या कराराची प्रत हाती दिली. तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही त्याने केलं, पण गाडीतून उतरल्यावर तो टिळकांच्या मागे लागला नाही. पुढचं काम त्या पुस्तकाने आणि टिळकांच्या स्वतःच्या झगड्याने केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर आजही टिळकांची भजनं आहेत, आणि त्यांच्या मुळाशी आहे आगगाडीतलं ते एक सभ्य संभाषण.

पण कथा इथे संपवली तर ती अर्धीच राहते. त्या बाप्तिस्म्याने टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं घर उन्मळलं. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. त्या काळाचं दुःख ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ज्या मोकळेपणाने मांडलं आहे, ते विद्यार्थ्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. आपल्यासमोर बसलेला मुलगा एकटा नसतो. त्याच्या मागे आई असते, भावकी असते, गाव असतं. त्याचा निर्णय त्याचाच असला, तरी त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला त्या वाटेवर आल्या. त्यांना कोणी ओढून आणलं असतं तर ते पुस्तक आज असं लिहिलं गेलं नसतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय मला या कामाची शाळा वाटतो. त्यात एक श्रीमंत माणूस येशूकडे धावत येतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशूचं त्याच्यावर प्रेम आहे, असं मार्क स्पष्ट लिहितो, तरीही येशू त्याला जाऊ देतो. त्याच अध्यायाच्या शेवटी आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला हाका मारतो. त्याला काय हवं आहे हे उघड दिसत असतं. तरी येशू आधी त्यालाच विचारतो. जाणाऱ्याला जाऊ देणं आणि येणाऱ्याला विचारणं, या दोन गोष्टी साधल्या तर विद्यार्थ्यांमधली सेवा निर्मळ राहते. मुलांना आपल्या यादीतला आकडा समजणाऱ्याला यातली एकही साधत नाही.

ही सेवा शक्य तिथे विद्यार्थ्यांच्याच हाती असावी, हेही याच विचारातून येतं. १९५४ मध्ये सुरू झालेल्या ‘यूईएसआय’ या विद्यार्थी संघटनेने हा धडा देशभर घालून दिला: गट विद्यार्थ्यांनी चालवायचा आणि पदवीधरांनी मागे उभं राहायचं. सिंदेवाहीसारख्या गावात असा गट चार-पाच मुलांचा असेल. त्यांना मोठा कार्यक्रम जमणार नाही. पण रोवणीमुळे बुडालेल्या तासांच्या वह्या मैत्रिणीला उतरवून द्यायला जमेल, अर्जाची शेवटची तारीख कळवायला जमेल. घरात वाघाचं किंवा सापाचं दुःख झालेल्या मित्राशेजारी गप्प बसायला जमेल, आणि त्याने विचारलं तर त्याच्यासाठी प्रार्थनाही करता येईल. आपल्याच वयाच्या मित्राला नाही म्हणणं सोपं असतं. त्याच्याशी नातं मोकळं राहतं ते म्हणूनच.

कळप मोठा व्हावा ही इच्छा मलाही आहे. ती नाकारली तर मी खोटा ठरेन. येशूवर माझा विश्वास आहे आणि इतरांनी त्याला ओळखावं असं मला मनापासून वाटतं. पण ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, त्याच्यावर कामही सोपवता आलं पाहिजे. आपल्या घाईत बहुतेकदा अविश्वासच लपलेला असतो: मी आज केलं नाही तर देव करणार नाही, हा अविश्वास. म्हणून येत्या मार्चमध्ये, परीक्षा संपताना, आपण स्वतःला विचारावं की आपल्या सभेला एकदाही न आलेल्या किती मुलांची नावं आपल्याला पाठ आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीजण अडचणीत आपल्याकडे निःशंकपणे येतील. वर्षाचा हिशेब त्यावर करावा.