तक्रार निकाली निघते तेव्हा

आपल्या परंपरेने रंगविलेल्या चित्रात सेवा करणारा शिष्य असे आणि ती घेणारा गुरू. शिष्य समिधा आणी, गाई राखी, आणि विद्या लाभली तर ते गुरूच्या प्रसन्नतेचे फळ समजे. आजच्या विद्यापीठांच्या व्यवहारात 'विद्यार्थी सेवा' हा शब्द रूढ झाला आहे, आणि त्यात सेवेची दिशा नेमकी उलटली आहे. वसतिगृह, ग्रंथालय, दवाखाना, शिष्यवृत्ती, वेळेवर लागणारा निकाल, बिनचूक गुणपत्रिका, हे सारे आता विद्यापीठाने विद्यार्थ्याला द्यावयाचे. आणि ते कसे दिले याविषयी त्याचा अभिप्रायही मागावयाचा. जुन्या वळणाच्या माणसाला हे खुपते. विद्यार्थी गिऱ्हाईक झाला, सरस्वतीच्या मंदिरात तागडी आली, असे तो उद्वेगाने म्हणतो. या उद्वेगात तथ्य नाही असे नाही. पण विद्यार्थ्याचे ऐकणे म्हणजे त्याला गिऱ्हाईक मानणे, हे समीकरण मला मान्य नाही.

शिवाय ही उलटी दिशा काही आजची नव्हे. मध्ययुगीन इटलीतील बोलोन्या येथे विद्यार्थ्यांचेच संघ होते आणि त्यांचा प्रमुखही विद्यार्थीच असे. त्यांचे १३१७ चे नियम आजच्या प्राध्यापकाला घाम फोडतील. अध्यापकाने घंटेबरोबर पाठ सुरू करावा, पुढची घंटा झाल्यावर रेंगाळू नये, मधले प्रकरण गाळू नये, परवानगीवाचून एक दिवसही गैरहजर राहू नये. पाच श्रोतेही जमले नाहीत, तर तो गैरहजरच होता असे समजून दंड. हे विद्यार्थी पोरसवदा नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या देशांतून आलेले जाणते पुरुष त्यांत पुष्कळ होते, आणि अध्यापकांचे पोट त्यांच्या शुल्कावर चाले. पुढे नगराने अध्यापकांना वेतन देण्यास आरंभ केला, तशी ही सत्ता ओसरत गेली. ती पुन्हा यावी असे मी म्हणणार नाही. श्रोत्यांच्या दंडाला भिणारा अध्यापक त्यांना रुचेल तेच बोलू लागेल, आणि मग त्याच्यापाशी शिकण्यासारखे काही उरणार नाही.

तेव्हा भेद करावयाचा तो मत आणि अनुभव यांत. रोग्याला निदान करता येत नाही हे उघडच आहे. पण कोठे दुखते हे त्याच्यावाचून दुसरे कोण सांगणार? ज्याचे जळते त्याला कळते. वसतिगृहातील पाण्याची चव कुलसचिवांच्या मेजावर लागत नाही.

बनारस हिंदू विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून उभे राहिले, म्हणून काशीला बदलीवर गेलेल्या मराठी माणसाला त्या आवाराविषयी सहजच आपलेपणा वाटतो. त्याच आवारात सप्टेंबर २०१७ मध्ये, संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची छेड काढण्यात आली. मुली विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी ठाण मांडून बसल्या. त्यांचे मागणे काय होते? रस्त्यांवर दिवे असावेत, हाक मारली तर पहारेकऱ्याने धावून यावे, आणि वसतिगृहात परतण्याच्या वेळेच्या बाबतीत मुलांना एक नियम व मुलींना दुसरा, असे नसावे. यात कोणते बंड होते? तरी रात्री लाठीमार झाला, देशभर गवगवा झाला, आणि मग काही दिवसांतच मुख्य प्रॉक्टरच्या जागी प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. नेमणूक चांगलीच झाली. पण अंधाऱ्या रस्त्याची वार्ता कुलगुरूंच्या दालनापर्यंत पोचण्यास एवढा आडमार्ग का घ्यावा लागला, हा प्रश्न उरतोच. त्या रस्त्याने रोज संध्याकाळी शेकडो मुली जात होत्या.

विद्यार्थी सेवा ही शिक्षणाला चिकटविलेली दयेची बाब नसून शिक्षणाचेच अंग आहे, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगून ठेविले होते, आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्या संयुक्त समित्या असाव्यात असेही सुचविले होते. तेव्हापासून कागद पुष्कळ वाढला. 'नॅक'ने २०१७ मध्ये आणलेल्या मूल्यांकनाच्या चौकटीत विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली होती. त्यात २० प्रश्न पर्यायांचे, आणि २१ वा मोकळा : सुधारणेसाठी तुमच्या सूचना लिहा. विसांची सरासरी यंत्राने काढता येते. एकविसावे उत्तर मात्र कोणा माणसालाच बसून वाचावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था लावून दिली आहे. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असतो, आणि तो गुणवत्तेवरून निवडलेला. म्हणजे बहुधा ज्याचे बरे चालले आहे असा. खोट्या किंवा क्षुल्लक तक्रारीबद्दल तक्रारदारावर कारवाई सुचविण्याची मुभाही नियमांत आहे. ती आवश्यक असेलही. पण अंतर्गत गुण ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध लिहू पाहणाऱ्या मुलाच्या कानी हे कलम कसे पडत असेल, याचा विचार करावा.

आपण कचेऱ्यांत हयात घालविणारी माणसे. 'निकाली' या शब्दाची मोहिनी आपल्याला ठाऊक आहे. उत्तर गेले, जावक क्रमांक पडला, की प्रकरण निकाली. तक्रार निकाली निघते आणि दुःख मात्र जागच्या जागी राहते, हे आपण रोज पाहतो. विद्यापीठात तर याला काळाचे मोठे साहाय्य आहे. विद्यार्थी तीन वर्षांचा पाहुणा, संस्था शतायुषी. तिने काही न करता नुसती वाट पाहिली, तरी तक्रारदार पदवी घेऊन आपोआप नाहीसा होतो. (बदलीवर फिरणाऱ्या अधिकाऱ्याला हा डाव दोन्ही बाजूंनी परिचित असतो : साहेब तीन वर्षांनी जाणारच, म्हणून खालची मंडळी थांबून राहतात, आणि आपण जाणारच, म्हणून कधी कधी साहेबही.)

खरा नैतिक पेच येथे आहे, असे मला वाटते. गिऱ्हाईक आपल्यासाठी भांडते. माल बदलून मिळाला की त्याचे काम झाले. विद्यार्थ्याच्या तक्रारीचे फळ बहुधा त्याला स्वतःला मिळतच नाही. दिवे लागतात तोवर त्या मुली निघून गेलेल्या असतात. रात्री ग्रंथालय उघडे राहू लागते, तेव्हा ते मागणारा कोठे तरी नोकरीस लागलेला असतो. त्याने जे लिहिले ते मागून येणाऱ्या अनोळखी मुलांसाठी लिहिले. असे दान करणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याच्या जाण्याची वाट पाहत बसणे हा त्याहून मोठा.

प्रत्येक मागणी पुरवावी असे यातून निघत नाही. पुष्कळ मागण्या नाकाराव्याच लागतील. काही अवाजवी म्हणून, काही पैशांअभावी. पण नाकारण्यालाही कारण द्यावे आणि ते सर्वांना वाचता येईल असे लावावे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. ग्रंथालय रात्री उघडे ठेवता येत नाही, कारण रात्रपाळीला माणसे नाहीत. पुढील अंदाजपत्रकात दोन जागा मागितल्या आहेत, अशा दोन ओळी तारखेनिशी दारावर चिकटविण्यास कितीसा खर्च येतो? मागणी करणारा तोवर गाव सोडून गेला असेल. दाराशी थांबलेला नवा मुलगा त्या वाचील, आणि त्या दोन जागांचे पुढे काय झाले, हे विचारण्यास कचेरीत जाईल.