मार्दव : देहाचे आणि अंतःकरणाचे

'मृदु' या विशेषणापासून 'मार्दव' हे भाववाचक नाम सिद्ध होते. त्याचा मुख्यार्थ स्पर्शाचा आहे. तान्ह्या बालकाच्या तळव्याला हात लावला असता जी कोवळीक जाणवते, ती मार्दव होय. लक्षणेने हाच शब्द वाणीला व स्वभावाला लावतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या १६ व्या अध्यायातील दुसऱ्या श्लोकात दैवी संपत्तीच्या गुणांमध्ये मार्दव गणिले आहे, आणि त्याच श्लोकाच्या आरंभी अहिंसा आहे. तेथे मुख्यार्थ संभवत नाही. देहाचे मऊपण वयावर व सुखवस्तूपणावर अवलंबून असते. त्यात जीवाचे कर्तृत्व नाही, म्हणून तो सद्गुण नव्हे.

येथे एक शंका उद्भवते. अटन व भिक्षा यांचा आचार करणाऱ्या भिक्षुकाचा देह राठ होतो, टाचांना भेगा पडतात. देह कठोर करणाऱ्या आचाराने अंतःकरणही कठोर होणार नाही काय? होऊ शकते. जो आपल्या कष्टांचे माप घेऊन दुसऱ्याच्या दुबळेपणाला हसतो, त्याचे तसे झालेच म्हणावे. परंतु हा दोष आचाराचा नसून अभिमानाचा आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीला याच नगरावरून 'वच्छोमी' म्हटले आहे. सौकुमार्य हा त्या रीतीचा लौकिक. येथे मार्दव देहावरून शब्दांवर आले. पण शब्द कोमल असूनही ते सामान्य जनांस अगम्य राहू शकतात. श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ते पंथातील म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील म्हणून. ज्याला कळत नाही त्याच्याकडे वाकणे, हे वाणीचे खरे मार्दव.

मग मार्दव म्हणजे नमते घेणे काय? 'मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये' ही म्हण लोक मऊ माणसाचे काय करतात ते सांगते. याचे उत्तर सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सशाच्या लीळेत आहे. पाठलागाने भ्यालेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागतास दिले नाही. सशाला आसरा झाला ते मार्दव, आणि न देण्याचा निश्चयही मार्दवच. पारध्यांवरही क्रोध नाही. त्यांना निरूपण केले आणि त्यांनी हिंसा सोडली. जे मऊपण सशाला सोडून देते, ते मार्दव नसून भय होय.

वाशीमकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिखल होते. शेतकरी कोरडीत वा चिखलात औत घालीत नाही. वाफसा येण्याची वाट पाहतो. ओलीत नांगरल्यास पुढे ढेकळे दगडासारखी होतात. उपदेशही तसाच आहे. समोरच्याच्या मनाला वाफसा आला किंवा नाही, हे ओळखण्याइतके ज्याचे अंतःकरण कोवळे आहे, त्याच्याच उपदेशाचे बीज रुजते. देह राठ झाला तरी चालेल. हे कोवळेपण वासनिकाने आणि भिक्षुकाने सारखेच जपावे.