हरलेल्याचे देणे

परवा आमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली. हरलेला मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, माझी अकरा मते फुकटच गेली ना?"

मला आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवली. वाचलेली, पाहिलेली नव्हे. १९५१-५२ साली समाजवादी पक्षाला शंभरात दहाहून अधिक मते पडली, पण लोकसभेत जागा अवघ्या १२. कम्युनिस्टांना तीनच्या वर थोडी मते, आणि जागा १६! जास्त मतांचा एकच विजयी, या रीतीत विखुरलेली मते बुडतात, साचलेली तरतात.

रीतीला बोल लावणे सोपे. पण १९५७ साली त्याच रीतीने समाजवादी नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विरोधी पक्ष एकवटले होते, आणि ती मागणी घराघरांतली होती. मतांची नुसती बेरीज कोणीही मांडील. ती टिकायला लोकांचे काही दुखणे आपले वाटावे लागते.

मी मुलाला म्हणालो, "बाळ, त्या अकरा जणांचे तू देणे लागतोस. फळा पुसायला मॉनिटर कशाला व्हायला हवे?"

दुसऱ्या दिवशी फळा लख्ख होता. कुणी पुसला, हे मी विचारले नाही.