बक्षिशीचे धर्मशास्त्र

मालवणच्या बंदरावर आणि त्याच्या मुखाशी उभ्या असलेल्या सिंधुदुर्गावर 1812 सालापर्यंत करवीर दरबाराचा अंमल होता. त्या सालच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला, तरी कोल्हापूरकराच्या मनावरचा मालवणचा अंमल काही उठला नाही. हल्ली सुट्टी लागली की घाट उतरून जाणारी आमची मंडळी किल्ला पाहतात, मासळीवर यथेच्छ ताव मारतात, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळाचेही दर्शन घेऊन येतात. होडी परत किनाऱ्याला लागते तेव्हा मात्र एक प्रश्न बहुतेकांना चुटपुट लावून जातो : ज्याने आपल्याला खाली नेले व सुखरूप वर आणले, त्याच्या हातावर काही ठेवावे की नाही, आणि ठेवावे तर कोणत्या भावनेने? हा प्रश्न खिशापाशी सुरू होत असला तरी त्याचा निवाडा धर्मविचारावाचून होत नाही, असे मला वाटते.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, ठरलेली रक्कम मोजली, आता देणेघेणे संपले. परंतु कराराने काय विकत घेतले याचा हिशेब करून पाहावा. होडी, टाकी, डोळ्यांवरची काच आणि काही मिनिटे, एवढेच त्या रकमेत येते. पंधरा-वीस फूट पाण्याखाली, पोहण्याचा गंधही नसलेल्या माणसाच्या टाकीची मान एका मुठीत घट्ट धरून, दुसऱ्या हाताची तर्जनी अंगठ्याला टेकवून ‘ठीक ना?’ असे तो बुडी मारणारा तरुण पुनःपुन्हा विचारीत असतो. पाहुणा हर्षभराने अंगठा उंचावतो, आणि त्या खुणेचा अर्थ पाण्याखाली ‘मला वर न्या’ असा असल्यामुळे, हा आनंद की भीती याचा निर्णय त्या तरुणाला क्षणार्धात काचेआडच्या डोळ्यांवरून करावा लागतो. त्या सावधपणाचा दर कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो.

मग ही बक्षिशी म्हणजे दान काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही त्याला, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेले, ते सात्त्विक दान मानले आहे. या कसोटीने बक्षिशी दानात बसत नाही, कारण घेणारा येथे उपकारकर्ता आहे. दाता म्हणून मिरवण्याचा अधिकार आपल्याला उरतच नाही. ती वेतनही नव्हे, कारण वेतन हा हक्क असून ते देण्याची जबाबदारी मालकाची आहे. गिऱ्हाईक वर काही देतेच, या सबबीवर मेहनतान्यात काटछाट करणारा मालक दोघांनाही फसवतो. बक्षिशीचे खरे नाते मला मालवणातच दिसते. नारळी पौर्णिमेला कोळी-गाबीत समाज समुद्राला नारळ अर्पण करतो. तो नारळ मासळीची किंमत नव्हे, आणि त्याने समुद्राचे देणे फिटले असे कोणी मानीतही नाही; ऋण फिटणारे नाही, याची ती जाहीर कबुली असते. ज्याच्या मुठीवर आपला श्वास विसंबून होता, त्याला दिलेली नोट याच जातीची असावी.

एवढे मान्य केले की देण्याची रीत आपोआप ठरते. अनादराने, तुच्छतेने दिलेल्याला गीतेने तामस म्हटले आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदाने देणाऱ्याकडून श्रद्धेबरोबर विनयाचीही अपेक्षा केली आहे. ‘ए पोरा, हे घे’ म्हणून भिरकावलेली पाचशेची नोट त्या दृष्टीने कवडीमोलाची ठरते. ही गोष्ट कोल्हापूरकराला नव्याने शिकवावी लागू नये. शाहू छत्रपतींनी 1912 साली उभारलेल्या खासबाग मैदानात पैलवानाला इनाम देताना त्याची पाठ थोपटून फेटा बांधण्याची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

शिवाय शिष्टाचार होडीत पाय ठेवल्यापासूनच सुरू होतो. सूचना चालू असता गप्पा न ठोकणे, मद्य घेऊन पाण्यात न उतरणे, ठरलेल्या दरावर आयत्या वेळी घासाघीस न करणे, आणि प्रवाळाला हात न लावणे, हे सारे बक्षिशीच्या आधीचे देणे आहे. येथील सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले असून प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते मोडून वर आल्यावर सढळ हाताने बक्षिशी वाटणारा गृहस्थ औदार्य दाखवीत नाही, आपल्या सदसद्विवेकबुद्धीला लाच देतो.

होडी हाकणारा आणि टाक्या उचलून देणारा यांचाही विसर पडू नये. तांबड्या समुद्रातील पर्यटन-नौकांवर सर्व खलाशांसाठी एकत्रित बक्षिशी ठेवण्याचा प्रघात आहे, तो आपणही उचलावा. ज्याची ऐपत नसेल त्या विद्यार्थ्याने संकोचू नये. नाव विचारून, हात हातात घेऊन ‘भावा, लई उपकार झाले’ एवढे म्हटले तरी कबुली पुरी होते. ज्याची ऐपत आहे त्याने मात्र हेही म्हणावे, आणि नोटही द्यावी.