खरड छाटणी

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं शहर आजही गोल्फ क्लब म्हणूनच ओळखतं. तिथे रणजीचे सामने झाले, पहाटे चालणाऱ्यांची गर्दी होते. गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. त्याच मैदानाच्या एका निवांत कोपऱ्यात एक मामा आपल्या भाच्याला गोल्फ शिकवायचे, आणि तेही चेंडूवाचून.

मामांची उमर पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून गेलेली. लोकांच्या बॅगा वाहताना कोणाचा स्विंग कुठे बिघडतो, हे त्यांच्या नजरेत पक्कं बसलं होतं. भाचा निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिलेला. मामांची जुनी सेव्हन आयर्न स्टिक हाती आल्यापासून त्याला एकच ध्यास, चेंडू लांब गेला पाहिजे. गावी गेला की बागेशेजारच्या पडीक रानात तो बादलीभर चेंडू झोडायचा. जोर वाढवावा तसा चेंडू आणखी उजवीकडे वळायचा आणि बांधापलीकडे जायचा.

मामांनी बादलीच काढून घेतली. "खाली येताना तुझे खांदे आधी धावतात. स्टिक बाहेरून आत कापत येते, तिचं तोंड उघडं राहतं. चेंडू दुसरं काय करणार?"

मग सराव सुरू झाला. आधी दोन्ही पाय जुळवून अर्धा स्विंग. जोर केला की तोल जायचा. मग छातीवरून आडवा टॉवेल घेऊन दोन्ही काखांत धरायचा आणि पुन्हा अर्धा स्विंग. अंगाला सोडून हात एकटेच पळाले की टॉवेल खाली. त्यानंतर एक-दोन-तीन म्हणत स्टिक वर न्यायची आणि चारला खाली आणायची. येताना वजन आधी डाव्या पायावर, खांदे मागून. रविवारी गावच्या रानात मामा जमिनीवर फक्कीची रेघ ओढायचे. रेघ दोन पायांच्या मधोमध, आणि माती उडायला हवी ती रेघेच्या पुढची. आयर्नने आधी चेंडू लागतो, मग जमीन. भाच्याची माती मागेच उडायची.

"मामा, कसरत किती दिवस करायची? चेंडू कधी देणार?" तो रोज विचारायचा. मामा उत्तर देत नसत.

एप्रिलात बागेत खरड छाटणी निघाली. मामा बांधावर उभे होते. मजूर वेलीच्या काड्या एकेक डोळा राखून कापत होते. बाग बोडकी होत चालली होती.

"एवढा वेल कापला, आता घड किती लागणार?" मामांनी विचारलं.

भाचा हसला. "या छाटणीला घड धरायचाच नसतो, मामा. आता नवी काडी तयार होते, काडीच्या डोळ्यात आतल्या आत घड तयार होतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो नुसता बाहेर येतो. एप्रिलात चुकलं तर तेव्हा कितीही खत-पाणी द्या, उपयोग नाही."

"हे कळतंय, मग चेंडू का मागतोस?"

भाचा गप्प झाला. त्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं.

पावसाळा सरला, ऑक्टोबर छाटणी झाली, तेव्हा मामांनी बादली परत दिली. पहिले काही चेंडू सरळ गेले, आणि जोर न करताही पूर्वीपेक्षा लांब. भाच्याला चेव आला. त्याने दात-ओठ खाऊन एक हाणला, तो थेट उजवीकडे बांधापार. मामा काही बोलायच्या आत त्याने बादली बाजूला सारली आणि फक्की आणायला घराकडे निघाला.

"अरे, आता तर जमलंय," मामा म्हणाले.

"खरड छाटणी दरसाल करावी लागते, मामा."

बोध: फळ दिसत नसताना केलेल्या कामातूनच फळ येतं, आणि एकदा आलं म्हणून ते काम संपत नाही.