चूक कुणाची?

परवा संध्याकाळी नात संगणकासमोर बसून एकटीच हसत होती. अकरावीला तिने संगणकशास्त्र घेतले आहे. "काय झालं गं?" मी विचारले.

"आजोबा, एका मुलाला तिन्ही विषयांत ६० गुण आहेत आणि त्याची सरासरी आलीय १४०!"

आमच्या वेळी असे उत्तर काढणाऱ्याच्या पाठीवर छडी बसली असती. नातीने मला शेजारी बसवून घेतले. तिन्ही गुणांची बेरीज करून तिनाने भाग, असे तिने यंत्राला सांगितले होते. निदान तिला तसे वाटत होते. पण बेरजेभोवती कंस घालायचा राहिला होता. आधी भागाकार, मग बेरीज, हा नियम यंत्राने पाळला. शेवटच्या ६० लाच तिनाने भागले, आलेले २० पहिल्या १२० त मिळवले. तिने कंस घातला आणि ६० आले.

"म्हणजे यंत्र चुकलं नाही?"

"ते कसं चुकेल? मी सांगितलं तेच केलं त्यानं. मला म्हणायचं होतं ते नाही केलं."

तिच्या अभ्यासात चुकांचे तीन प्रकार आहेत. पहिली व्याकरणाची: यंत्र कामाला हातच लावत नाही, ओळ दाखवून थांबते. दुसरी कामाच्या ओघात उघडी पडते, शून्याने भागायला सांगितल्यासारखी. तिसरी तर्काची. तिथे यंत्र तक्रार करीत नाही; निमूटपणे चुकीचे उत्तर देऊन मोकळे होते. ती चूक माणसानेच हुडकायची. याच विषयात समाज, कायदा आणि नीती असाही एक भाग आहे, ७० पैकी १५ गुणांचा. तो नात पाठ करते. मला मात्र वाटले, नीतीचा खरा धडा त्या तिसऱ्या चुकीत आहे.

आमचे बोलणे ऐकून सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या यंत्राला म्हणावं, चकलीच्या पिठात मोहन अंदाजानं घाल!"

नात निरुत्तर झाली. खरेच, आमची घरे आणि कचेऱ्या या 'अंदाजा'वर चालतात. समोरचा माणूस आपले न बोललेलेही समजून घेतो, म्हणून संसार सुखाचा होतो. पण समज चुकली, म्हणजे?

मला एक जुनी गोष्ट आठवली. मी कचेरीत अधिकारी होतो. पगारवाढीची यादी 'नेहमीप्रमाणे' करून टाका, असे मी एका कारकुनाला सांगितले. त्याने नेहमीप्रमाणे केली. दरम्यान नियम बदलला होता. दोन शिपायांची वाढ सहा महिने लांबली. वरून विचारणा आली, तेव्हा मी त्याला बोलावले.

"साहेब, आपण नेहमीप्रमाणे म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला.

"नियम ठाऊक नको?" मी म्हणालो.

शेरा त्याच्या सेवापुस्तकात गेला. नव्या नियमाचे परिपत्रक माझ्या टेबलाच्या खणात होते.

यंत्रावर दोष ढकलता येत नाही. ते तो घेतच नाही. म्हणून नातीला आपलीच ओळ पुन्हा वाचावी लागते. माणूस मात्र दोष घेतो, आणि हाताखालचा असला तर मुकाट्याने घेतो.

नातीने वर्गात ऐकलेली एक हकिकत मला सांगितली. मंगळाकडे धाडलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकेचे यान १९९९ साली नष्ट झाले. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. एवढे मोठे नुकसान होऊनही नासाने कुणा एकाकडे बोट दाखवले नाही. माणसाच्या हातून चूक व्हायचीच, ती वेळीच पकडणारी व्यवस्था कमी पडली, असा निष्कर्ष निघाला. माझ्या कचेरीत दोन शिपायांच्या वाढीसाठी मी एक माणूस पुढे केला होता.

तो कारकून आता निवृत्त होऊन गावी असतो. यंदा त्याला फराळाचा डबा पाठवायचा असे मी ठरवले आहे. सौ. चकल्या करील. डब्यासोबतची चिठ्ठी मलाच लिहायची आहे. चार दिवस झाले, तिची पहिली ओळ मी खोडतो आहे. दर वेळी तिच्यात 'आपल्या दोघांच्या चुकीमुळे' असे काहीतरी येते, आणि 'दोघांच्या' हा शब्द खरा नाही.