पिस्त्याचे रिकामे वर्ष

१९२९ साली अमेरिकी कृषी खात्याचे विल्यम व्हाइटहाउस पिस्त्याचे बी गोळा करायला इराणात गेले. त्या बियांपासून कॅलिफोर्नियातल्या चिको इथे वाढवलेल्या रोपांतून पुढे 'करमान' ही जात निवडली गेली. त्यानंतर अनेक दशके तिथल्या बागांतली फळणारी जवळजवळ सगळी झाडे याच एका मादी झाडाची कलमे होती. लाखो झाडे, जनुके मात्र एकाच झाडाची. आणि तरी एक झाड यंदा लगडलेले, तर शेजारचे रिकामे. कधी तर एकाच झाडाची एक फांदी भरलेली आणि दुसरी मोकळी.

एखादे झाड वर्षाआड फळते ते त्याच्या बियाण्यातच असते, असे आपण सहज म्हणतो. या बागा पाहिल्या की ते अर्धेच खरे वाटते. करमानच्या पुढच्या वर्षाच्या फुलकळ्या वसंतातच नव्या फुटीवर धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दाणा भरू लागला की फळांनी लदलेल्या फांदीवरच्या या कळ्या गळून पडतात. सफरचंदात तर कळी धरायलाच अडसर येतो, आणि तो आणते फळातले बी. चॅन आणि केन या संशोधकांनी १९६७ मध्ये 'स्पेन्सर सीडलेस' या जातीवर हे दाखवून दिले: बिनबियांच्या फळांनी पुढचा बहार अडवला नाही, बी धरलेल्या फळांनी अडवला. संत्रावर्गात फळांच्या भारामुळे पानांतले फुलोरा रोखणारे जनुक जागे होते. जनुकाचा मजकूर तोच राहतो, त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. यंदाचे ओझे झाड असे लक्षात ठेवते, हे मला विलक्षण वाटते.

मग आनुवंशिकतेचा वाटा कुठे? हे ओझे किती मनावर घ्यायचे, ते जातीवर ठरते. 'गाला' सफरचंद बहुधा दरवर्षी फळते. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये आणलेले 'हनीक्रिस्प' मात्र कोवळी फळे वेळेवर विरळ केली नाहीत, तर पुढच्या वर्षी हात आखडते. त्याची निवड झाली ती कुरकुरीतपणासाठी. आपला हापूसही स्वादासाठीच जपला गेला आणि त्याचा लहरीपणा कलमाकलमातून पुढे आला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, तो दरवर्षी फळणाऱ्या नीलमचा गुण घेण्यासाठी. नव्या जाती निवडताना नियमितपणाला चवीइतकेच गुण द्यायला हवेत, असे मला ठामपणे वाटते. अडचण वेळेची आहे: रोप फळायलाच काही वर्षे जातात आणि त्याची लय कळायला आणखी कितीतरी हंगाम.